सगळे पत्ता सांगतात, घरी कोणी बोलवत नाही

ताई, नमस्कार. मी मॉरिशसची. आमचे पूर्वज रत्नागिरीकडून तिकडे ऊसमळ्यांवर कामाला गेले, त्यापलीकडे घरात कुणाला काही ठाऊक नाही. मराठी आजीकडून आली, थोडी शाळेतून. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून जुलैत मुंबईला आले. कलिन्याला विद्यापीठात एम.ए. करते. निघताना वाटत होतं की मी परदेशात नाही, आजोळी चाललेय.

इथे सगळे चांगले वागतात. वाट विचारली तर अर्धी वाट सोबत येतात. वर्गातल्या मुली डब्यातलं खायला देतात. पण साडेपाच वाजले की सगळ्या पळतात. अजून एकीनेही घरी बोलावलेलं नाही. आमच्याकडे गणपतीत घर माणसांनी भरलेलं असतं. यंदा मी खोलीत बसून मोबाइलवर घरची आरती पाहिली. मी मराठीत बोलले की दुकानदार हिंदीत उत्तर देतात. मैत्रिणी हसतात, म्हणतात तू आमच्या पणजीसारखी बोलतेस. ट्रेनची अजून भीती वाटते. एका बाईंनी त्यांच्या मुलाला फ्रेंच शिकवशील का म्हणून विचारलंय, पैसे चांगले देतील.

आणि डिसेंबरात मला खोली सोडायची आहे, कारण मी ज्यांच्याकडे राहते त्या काकूंचा मुलगा परत येतोय. मी आणि टांझानियाची एक मैत्रीण मिळून घर शोधतोय. दलाल मला बाजूला घेऊन सांगतात, 'तुम्हाला मिळेल, तिला नाही.' काकूंकडे कसलेच कागद झालेले नाहीत, आता करायचे का? आईला रोज सांगते, सगळं छान आहे. – एक मॉरिशसकर, कलिना

प्रिय मॉरिशसकर,

साडेपाचला पळणाऱ्या त्या मुली कुठे राहतात, हे कधी विचारलंस का? विचार. एक डोंबिवलीची निघेल, एक विरारची, एखादी पार बदलापूरची. कलिन्याहून बसने कुर्ला किंवा सांताक्रूझ, तिथून लोकल, उतरल्यावर शेअर रिक्षाची रांग. सहा पाचची गेली की पुढच्या गाडीत उभं राहायलाही जागा नाही, हे त्यांना पाठ असतं. घरी पोचायला आठ वाजतात. घर दोन खोल्यांचं, त्यात चार-पाच माणसं, एखादा दहावीतला भाऊ, आजी खाटेवर. अशा घरात पाहुणी आणायची तर आधी आईला विचारायचं, मग भावाला गॅलरीत बसवायचं. त्यात पाहुणी परदेशातली! मॉरिशस म्हटलं की इथल्या माणसाला हनिमूनचं पॅकेज आठवतं, निळं पाणी आणि पांढरी वाळू. ऊसमळ्यात राबलेल्या माणसाची खापरपणती डोळ्यांसमोर येतच नाही. तुझ्या मैत्रिणी तुला टाळत नाहीत, आपल्या घराला लाजतात. निदान त्यातल्या दोघी-तिघी तरी नक्की.

तेव्हा बोलावण्याची वाट बघू नकोस, स्वतःला बोलावून घे. 'येत्या रविवारी तुझ्या आईच्या हातचं जेवायला येऊ का?' असं सरळ विचार. तुला हे आगाऊपणाचं वाटेल. मला ते अजिबात तसं वाटत नाही, कारण विचारल्यावर त्या मुलीची सुटका होते. बोलवावं का, कसं बोलवावं, ती काय खाईल, हे सगळे प्रश्न एका वाक्यात मिटतात. जाताना महागडं काही नेऊ नकोस, त्याने लाज आणखी वाढते. अर्धा डझन केळी किंवा घरच्यांसाठी थोडी जिलबी पुरे. पोचलीस की स्वयंपाकघरात जा आणि लसूण सोलायला माग. आणि हो, रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉक कुठल्या लाइनवर आहे ते बघ. नाहीतर डोंबिवलीचं जेवण संध्याकाळी चारला होईल.

गणपतीचं वाचून मात्र हळहळले. कारण वर्षातले तेवढेच दिवस मुंबईत बोलावणं लागत नाही. 'दर्शनाला येते' एवढा फोन पुरतो, ओळख नीटशी नसली तरी दार उघडं असतं, आणि करंजी खाल्ल्याशिवाय कुणी सोडत नाही. तुला हे कोणी सांगितलं नाही, कारण इथल्या माणसाला ते सांगायची गोष्ट वाटत नाही. पुढच्या वर्षी वर्गात ज्यांच्या घरी गणपती बसतो त्यांची नावं ऑगस्टमध्येच लिहून ठेव.

त्याआधी दिवाळी येतेय आणि मला तिचीच जास्त काळजी आहे. गणपतीत निदान शहर रस्त्यावर असतं. दिवाळीत ते दार लावून घरात बसतं. विद्यापीठाला सुट्टी लागते, पीजीतल्या मुली गावी जातात, डबा देणाऱ्या बाईही गावी जातात, आणि मागे उरलेल्या माणसाला चार दिवस कोणी नीट 'जेवलीस का' म्हणूनही विचारत नाही. म्हणून डोंबिवलीच्या मैत्रिणीला आत्ताच सांगून ठेव की नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री मी तुझ्याकडे राहायला येते. पहाटे उटणं, आंघोळ, फराळ, आणि मग फडके रोड. त्या सकाळी डोंबिवलीतली तरुण मंडळी नटूनथटून फडके रोडवर जमतात, गणेश मंदिरात जातात, वर्षभर न भेटलेले शाळासोबती तिथे भेटतात. तुझ्या वयाची एवढी मराठी मुलंमुली एका रस्त्यावर तुला दुसरीकडे दिसायची नाहीत. कलिन्याहून पहाटे निघून हे जमत नाही, रात्रीच जायला हवं. हेही मागूनच घ्यावं लागेल.

आईला 'सगळं छान' सांगतेस, ते थांबव असं मी म्हणणार नाही. पण रोजच्या फोनमधून आठवड्यातला एक फोन निवड आणि त्यात एक खरी अडचण सांग, छोटीच. आज दूध नासलं, आज चुकीच्या गाडीत बसले. तुमच्या-आमच्या वेळेत दीड तासाचाच फरक आहे. तुझे रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिकडे आठ. आईला तुझं रोजचं जगणं कळलं की तीही खरं विचारायला लागेल.

आता भाषा. कलिना-वाकोल्यातला रिक्षावाला बहुधा उत्तर प्रदेशचा, वाणी कच्छी किंवा मारवाडी. त्यांच्याशी मोडक्या हिंदीत बोल, त्यात काही कमीपणा नाही आणि ते तुझ्यापेक्षा मोडकी ऐकून घेतात. गंमत पुढे आहे. या शहरात दोन मराठी माणसं अनोळखी म्हणून भेटली की बरेचदा दोघंही हिंदीत सुरू करतात, आणि फोन वाजला, 'हां आई, बोल' असं एकाच्या तोंडून निघालं की मग दुसरा म्हणतो, 'अरे, मराठी होय!' तुला हिंदीत उत्तर मिळतं ते तुझ्या मराठीचा अपमान म्हणून नाही. सवय आहे ती, वाईट सवय, पण सगळ्यांना सारखी लागू. तू मराठी सोडू नकोस. पहिल्या वाक्यातच सांगून टाक, 'मी मॉरिशसहून आलेय, माझ्याशी मराठीत बोला.' समोरच्याला येत असेल तर तो खूश होऊन बोलेल, वर चार प्रश्न विचारेल.

मैत्रिणींच्या हसण्याचं म्हणशील तर त्या हसण्यात अर्धं कौतुक आहे. पण तुला ते टोचतं, म्हणून त्यांना तसं सांग. बोलणं मात्र त्यांच्यासारखं करायला जाऊ नकोस. त्यांच्या एका वाक्यात चार इंग्रजी शब्द आणि 'भेंडी' असतं. त्यासाठी आजीकडून आलेलं मोडायचं कशाला? १८३४ पासून जहाजं भरभरून माणसं तुमच्या बेटावर गेली. आपल्याकडचे जे गेले ते बरेचसे कोकणातले, याच मुंबई बंदरातून बोटीत बसलेले. त्यांचं बोलणं तुझ्या घरात टिकलं आणि इथे बदललं. तुमच्याकडे मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांच्या जुन्या नोंदी आहेत, तेव्हा सुट्टीत घरी गेलीस की खापरपणजोबांचा शोध तिथून सुरू करता येईल. रत्नागिरीत जाऊन गाव विचारत फिरण्याआधी ते कर.

आणि ज्या जागी मराठी हीच कामाची भाषा आहे तिथे जात जा. तुझं नशीब बघ, भुयारी मेट्रोचं वांद्रे कॉलनी (आधीचं नाव विद्यानगरी) स्टेशन विद्यापीठाच्या दारात आहे. ऑक्टोबर २०२५ पासून ती लाइन थेट कफ परेडपर्यंत जाते. दादरला उतर. शिवाजी मंदिर जवळच आहे, शनिवार-रविवारी नाटकांचे प्रयोग असतात, बाल्कनीचं तिकीट परवडतं. मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत उभी राहा; नाटक कसं वाटलं यावर अनोळखी बायका तुझ्याशी भांडतील, तेही मराठीत. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ सालचं. वाचनालयाची सभासद हो. दर आठवड्याला त्याच वारी त्याच वेळी गेलीस तर तिसऱ्या-चौथ्या खेपेला काउंटरवरची व्यक्ती तू न विचारता पुस्तक काढून ठेवते. मुंबईत ओळख अशीच होते, वेळ आणि जागा न बदलण्याने. भाजी एकाच भाजीवालीकडून घे, चहा एकाच टपरीवर पी, बस त्याच वेळची पकड. रोज नवं काहीतरी बघायची हौस पहिले सहा महिने बाजूला ठेव.

ट्रेनची भीती. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत तुला चढायची गरज फारशी पडत नाही, कारण तू कॉलेजजवळ राहतेस. दुपारी बारा ते चार या वेळात लेडीज डब्यातून सराव कर. आत गेल्यावर बसलेल्या बाईला 'कुठे उतरणार?' विचारायचं, ती सांगेल आणि ती सीट तुझी झाली. दारापाशी उभ्या असलेल्या बाईला 'सांताक्रूझ?' एवढंच विचारायचं; ती मान हलवेल, मग तिच्या मागे उभं राहायचं. पश्चिम रेल्वेवर सांताक्रूझला यायचं तर स्लोच गाडी, फास्ट तिथे थांबत नाही. विरार फास्टमध्ये मौज म्हणूनसुद्धा चढू नकोस. बाकी सगळं त्या बायका शिकवतील, ओरडून शिकवतील, मनाला लावून घेऊ नकोस. आणि एक आगंतुक सल्ला: जुहूच्या पाण्यात तुमच्याकडच्यासारखं पोहायला जाऊ नकोस. इथला समुद्र कणीस खात बघायचा असतो.

फ्रेंचच्या शिकवणीला नाही म्हण. विद्यार्थी व्हिसावर पैसे घेऊन काम करता येत नाही. रोख घेतले तर कुणाला कळतं, असं त्या बाई म्हणतील. कळलं तर निस्तरायचं तुला आहे, त्यांना नाही. त्यांच्या मुलाशी गप्पा मारायला जायचं असेल तर जा आणि मोबदल्यात जेवून ये.

उरलं घर. आधी तुझी सध्याची खोली. 'कागद-बिगद कशाला' असं काकू म्हणाल्या असतील. तुझं कदाचित भागलं, पण परदेशी माणूस राहायला आला की ठेवून घेणाऱ्याने २४ तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म, ज्याला सगळे फॉर्म सी म्हणतात, ऑनलाइन भरायचा असतो, मग ते हॉटेल असो, हॉस्टेल असो की काकूंचं घर. आणि १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याने पोचल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करायची असते. आता ती ई-एफआरआरओच्या संकेतस्थळावर होते. ही नोंद तुझी झाली आहे का, आणि त्यात पत्ता कुठला आहे, हे आजच बघ. राहिली असेल तर घाबरून गप्प बसू नकोस. विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या कार्यालयात जाऊन सांग. उशीर झालेल्या मुली त्यांनी याआधीही पाहिल्या आहेत. डिसेंबरात घर बदललंस की नवा पत्ताही लगेच कळवायचा आहे.

बँकेचंही यातच येतं. परदेशी विद्यार्थ्याला एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीचं रुपयांतलं खातं पासपोर्ट, व्हिसा आणि प्रवेशाचं पत्र यांवर उघडून मिळतं, पण ३० दिवसांत इथल्या पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि तोवर महिन्याला ५०,००० रुपयांपेक्षा जास्त काढता येत नाहीत. भाडेकरार किंवा विद्यापीठाचं पत्र असेल तर पत्ता सिद्ध होतो. म्हणजे काकूंचा कागद नसेल तर विद्यापीठाचं पत्र घे, पण डिसेंबरातल्या घराला करार हवाच.

आता तुझी मैत्रीण. दलाल जे सांगतोय त्याला सोसायटीचे नियम, शेजाऱ्यांची पसंती, काहीही नाव दे, तिच्या कातडीचा रंग बघून ते बोललं जातंय. तुला घर मिळतं ते तुझा चेहरा इथल्यासारखा आहे म्हणून. हे मला लिहितानाही आवडत नाही, पण तू विचारलंस आणि गोड बोलून तुझा उपयोग नाही. 'आजोळी' ज्यांच्याकडे आलीस त्यांच्यात हेही आहे.

पहिलं म्हणजे दलालाबरोबर बाजूला जाणं बंद कर. 'जे सांगायचं ते दोघींसमोर सांगा' म्हण. समोर म्हणायची हिंमत नसेल तर तो दलाल तुमच्या कामाचा नाही, वेळ वाचला. दुसरं, लवकरच कोणीतरी सुचवेल की करार तुझ्या एकटीच्या नावावर कर, ती पाहुणी म्हणून राहील. हे करू नकोस. तिचा फॉर्म सी भरला जाणार नाही, तिच्या नोंदणीत भलताच पत्ता राहील, आणि शेजारच्या कुणी तक्रार केली तर ती रात्री बॅग घेऊन रस्त्यावर असेल. तुझं नाव कागदावर असल्यामुळे तू आत. मैत्री त्यानंतर टिकत नाही.

'आमचं काही नाही, सोसायटी नाही म्हणते' हे वाक्य वारंवार ऐकशील. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सदनिका भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, मालकाने कळवायचं असतं. मालक खरंच तयार असेल तर त्याला हे सांगून उपयोग होतो. तयार नसेल त्याला कायदा ऐकवत बसू नकोस. त्यापेक्षा सत्र संपवून मायदेशी परतणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना गाठा. आफ्रिकेतल्या, अफगाणिस्तानातल्या मुलांनी राहून सोडलेली खोली घ्या. त्या मालकाला परदेशी भाडेकरू ठेवायची सवय आहे, फॉर्म सी त्याला माहीत आहे, शेजारीही एव्हाना सरावलेत. शोध ऑक्टोबरातच सुरू करा, डिसेंबर उजाडेपर्यंत थांबू नका; तिच्यासोबत शोधताना जास्त वेळ लागणार हे धरून चाला. कलिन्याचाच हट्टही सोडा. विद्यापीठाच्या हॉस्टेलसाठी दोघींचे अर्ज लेखी देऊन ठेवा, पोच घ्या.

घर मिळालं की खोली बघितल्याशिवाय टोकन द्यायचं नाही. डिपॉझिट बँकेतून द्यायचं, रोख नाही. करार म्हणजे ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी आणि नोंदणीकृत असावा असं राज्याचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा सांगतो, आणि करून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे. दलाल म्हणेल, तुमच्याकडे आधार नाही, रजिस्टर होणार नाही. ऑनलाइन नोंदणी आधारवर चालते हे खरं, पण दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन पासपोर्टवर करता येते. त्यासाठी मालकाला अर्धा दिवस मोडावा लागतो, अडचण खरी तेवढीच आहे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च कोण देणार हे आधी बोलून घ्या, निम्मा-निम्मा ठरला तर बरं. करारात दोघींची नावं, दोघींचे पासपोर्ट क्रमांक हवेत.

तिथे दोन साक्षीदार लागतात, ओळखपत्रासकट. एक डोंबिवलीची मैत्रीण, दुसरी विरारची. त्यांना आधी आठवडाभर सांगून ठेव आणि काम झाल्यावर दोघींना नव्या घरी जेवायला घेऊन जा, खुर्च्या आल्या नसल्या तरी.

– तुझी ताई